नाकातून पिट्युटरीची गाठ काढल्यानंतर दृष्टी किती आणि केव्हा परत येते

तुमच्या प्रश्नाचा सारांश मला असा समजला. वडिलांचे वय ५८. दोन वर्षे चष्म्याचा नंबर सारखा बदलत राहिला, डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली, तरी त्यांना नीट दिसेना. शेवटी एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीची सुमारे अडीच सेंटिमीटरची गाठ आढळली आणि पाच आठवड्यांपूर्वी ती दुर्बिणीच्या साहाय्याने नाकातून काढण्यात आली. दुसऱ्याच दिवशी उजव्या डोळ्यासमोरचा पडदा दूर झाल्यासारखे वाटले. डावा डोळा मात्र अजून मंद आहे आणि कानाकडच्या बाजूचे त्या डोळ्याला दिसत नाही. हा डोळा सुधारेल का, किती वाट पाहायची, गाठीचा थोडा भाग आत राहिला असल्याने सुधारणा अडली आहे का, आणि एखादे औषध, थेंब किंवा जीवनसत्त्व उपयोगी पडेल का, असे तुम्ही विचारले आहे.

न्यूरोसर्जन म्हणून या शस्त्रक्रिया मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि हाच प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते. थोडक्यात सांगायचे तर डाव्या डोळ्याबद्दल निकाल देण्यास पाच आठवडे अपुरे आहेत. तो डोळा किती सुधारेल हे मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून आहे: शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या डोळ्याचे किती दृष्टितंतू नुसते दबलेले होते आणि किती मेलेले होते. गाठ काढल्याने दाब जातो. मेलेला तंतू त्यामुळे जिवंत होत नाही. पुढील सर्व विवेचन या एका भेदाभोवती फिरते.

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली असते. तिच्या वर सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर दोन्ही डोळ्यांकडून येणारे दृष्टितंतू एकत्र येऊन फुली करतात; तिला ऑप्टिक कायझम म्हणतात. प्रत्येक डोळ्यातील तंतूंपैकी निम्म्याहून किंचित जास्त तंतू येथे ओलांडून मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, आणि हे ओलांडणारे तंतू नेमके कानाकडच्या बाजूचे दृश्य वाहून नेतात. गाठ खालून वाढत येऊन या फुलीला टेकली की प्रथम दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या वरच्या कोपऱ्यातील दृश्य मंदावते, मग कानाकडची खालची बाजू जाते, आणि दाब तसाच राहिला तर नाकाकडची बाजूही जाऊ लागते. गाठ एका बाजूला जास्त कललेली असेल तर एक डोळा दुसऱ्यापेक्षा आधी आणि अधिक मार खातो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हेच झालेले दिसते.

हे लक्षात यायला दोन वर्षे का लागली, याबद्दल कुटुंबाने स्वतःला दोष देऊ नये. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याच्या गेलेल्या भागापैकी मोठा भाग दुसऱ्या डोळ्याची शाबूत बाजू भरून काढते, त्यामुळे रुग्णाला अंधार असा कुठे दिसतच नाही. तक्रारी वेगळ्याच रूपात येतात: दाराच्या चौकटीला खांदा लागतो, वाचताना ओळीतली अक्षरे मध्येच नाहीशी होतात किंवा दुहेरी दिसतात, सुईत दोरा ओवता येत नाही. शेवटच्या तक्रारीला ठोस कारण आहे. जवळच्या वस्तूवर दोन्ही डोळे रोखले की त्या वस्तूच्या पलीकडची जागा दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या क्षेत्रात पडते, म्हणजे अशा रुग्णासाठी ती पुसलीच जाते. सुई दिसते, सुईमागचे काही दिसत नाही. अक्षरांचा तक्ता मात्र असा रुग्ण शेवटच्या ओळीपर्यंत वाचू शकतो, कारण तो तक्ता दृष्टीच्या केवळ मध्यबिंदूची परीक्षा घेतो. म्हणून नंबर बदलतो, मोतीबिंदू काढला जातो, कधी काचबिंदूचे थेंब सुरू होतात, आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला आपण फील्ड टेस्ट म्हणतो, ती कोणी केलेलीच नसते. चष्म्याने न सुधारणारी मंद दृष्टी असलेल्या माणसाची फील्ड टेस्ट झालीच पाहिजे, हे माझे मत वर्षागणिक अधिक आग्रही होत गेले आहे.

आता सुधारणेकडे वळतो. ती एका चालीने होत नाही. तिचे साधारण तीन टप्पे दिसतात आणि प्रत्येक टप्प्यामागे वेगळी घडामोड असते.

पहिला टप्पा काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. दाबाखाली असलेला तंतू जिवंत असूनही संदेश वाहून नेत नाही. दाब दूर होताच तो पुन्हा चालू लागतो. काही रुग्ण भूल उतरल्याबरोबर भिंतीवरचे घड्याळ स्वच्छ दिसत असल्याचे सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्हालाही याची चाहूल लागते. गाठीचा मऊ गर खालून काढत गेलो की वर ताणून धरलेले पातळ, पारदर्शक आवरण सैल पडते आणि श्वासाबरोबर व नाडीबरोबर हलत हळूहळू खोबणीत उतरू लागते. ते सर्व बाजूंनी सारखे उतरले तर वरची फुली मोकळी झाली असे समजायला हरकत नसते. एक कोपरा वरच अडकून राहिला तर तेथे गाठीचा कप्पा शिल्लक आहे असे मानून तिरक्या कोनाची दुर्बीण आत घालून पुन्हा पाहावे लागते. वडिलांचा उजवा डोळा या पहिल्या टप्प्यात सुधारला.

दुसरा टप्पा आठवड्यांचा आणि महिन्यांचा आहे. दीर्घकाळच्या दाबाने तंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण झिजते. विजेच्या तारेवरचे वेष्टण गेले तर जे होते तेच येथे होते. तार शाबूत असते, पण प्रवाह गळतो आणि मंदावतो. दाब गेल्यावर हे आवरण पुन्हा चढू शकते, मात्र त्याला वेळ लागतो. बहुतेक सुधारणा पहिल्या तीन ते चार महिन्यांत पदरात पडते ती या कारणाने. डावा डोळा सध्या या टप्प्यात आहे, आणि म्हणूनच आज त्याच्याविषयी निराशेचा निष्कर्ष काढू नये असे मी म्हणतो.

तिसरा टप्पा सर्वांत संथ. सहा महिन्यांनंतर, वर्षभरानंतर आणि काही थोड्या रुग्णांत त्याहीनंतर फील्डच्या आलेखात बारीक सुधारणा होत राहते. ती रुग्णाला जाणवतेच असे नाही. दोन अहवाल शेजारी ठेवल्यावर दिसते. क्षेत्राचे जे भाग शेवटी गेलेले असतात ते बहुधा आधी परत येतात आणि सर्वांत आधी गेलेला, म्हणजे कानाकडचा वरचा कोपरा, सर्वांत मागे राहतो किंवा कायमचा अंधुक राहतो.

आकडेवारीच हवी असेल तर दुर्बिणीने केलेल्या या शस्त्रक्रियांच्या एकत्रित अभ्यासांत, ज्यांचे दृष्टिक्षेत्र आधी बिघडलेले होते अशा दहांपैकी सुमारे आठ जणांत ते काही ना काही सुधारलेले आढळते, आणि पूर्ववत झालेले सुमारे चार जण असतात. मध्यदृष्टीतली, म्हणजे तक्त्यावरची सुधारणा याहून थोडी कमी लोकांत दिसते. शस्त्रक्रियेने दृष्टी उलट खालावण्याचे प्रमाण शंभरात दोन-तीनच्या आसपास असते. हे आकडे वडिलांच्या डाव्या डोळ्याला जसेच्या तसे लावू नका. गटाची सरासरी एका डोळ्याचे भविष्य सांगत नाही, आणि त्यासाठी आपल्याकडे याहून चांगले साधन आहे.

ते साधन म्हणजे ओसीटी. या तपासणीत दृष्टिपटलावरील तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते. डोळ्यात थेंब घालून किंवा न घालता, काही मिनिटांत, कोणताही त्रास न होता ती होते. निरोगी डोळ्यात दृष्टिचकतीभोवतीच्या, म्हणजे दृष्टितंतू डोळ्यातून बाहेर पडतात त्या जागेभोवतीच्या, या थराची सरासरी जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास असते. फुलीपाशी तंतू मेला की त्याचा मागचा भागही दृष्टिपटलापर्यंत सुकत जातो, म्हणून थर पातळ होतो. शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टी मंद, पण थर जाडीला जवळजवळ पुरेसा, असे चित्र असेल तर बहुतेक तंतू दबलेले होते, मेलेले नव्हते, आणि चांगल्या सुधारणेची आशा ठेवता येते. थर ७५ मायक्रॉनच्याही खाली गेला असेल तर अपेक्षा बेताची ठेवावी लागते. त्याच यंत्रावर दृष्टिपटलाच्या मध्यभागातील पेशींचा थरही मोजता येतो आणि फुलीवरच्या दाबाची खूण तेथे अनेकदा आधी उमटते.

ओसीटीविषयी दोन गैरसमज मात्र वारंवार भेटतात. पहिला असा की शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारली म्हणजे ओसीटीतली जाडीही वाढली पाहिजे. तसे होत नाही. गेलेला तंतू परत उगवत नसल्याने जाडी आहे तेथेच राहते किंवा पहिल्या काही महिन्यांत आणखी किंचित कमी होते, आणि तरीही फील्ड सुधारत जाते, कारण उरलेले तंतू पुन्हा कामाला लागलेले असतात. दुसरा असा की थर जाड आहे म्हणजे चिंता नाही. तंतू मेल्यानंतर दृष्टिपटलावर तो परिणाम दिसायला काही आठवडे जातात. गाठीत अचानक रक्तस्राव होऊन एका दिवसात दृष्टी गेली असेल तर त्या दिवशीचा ओसीटी अगदी निर्दोष दिसू शकतो. तेथे निर्दोष ओसीटीचा अर्थ इतकाच की वाचवण्यासारखे बरेच काही अजून हातात आहे, तेव्हा स्टेरॉइड लगेच सुरू करावे आणि शस्त्रक्रियेला विलंब करू नये.

म्हणून वडिलांचा शस्त्रक्रियेपूर्वीचा ओसीटी अहवाल शोधा. मोतीबिंदूच्या वेळी केलेला असला तरी चालेल. तो डाव्या डोळ्याचा असल्याने तर अधिकच उपयोगी आहे. नसेल तर आता करून घ्या.

फील्ड टेस्टच्या निकालाकडे थोड्या संशयाने पाहायला शिका. हनुवटी टेकवून, एका ठिपक्यावर नजर रोखून, कोठेतरी चमकणाऱ्या अंधूक दिव्याला बटण दाबून प्रतिसाद देणे हे दमलेल्या माणसाला कठीण जाते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात रुग्ण थकलेला असतो. पिट्युटरीच्या इशाऱ्यावर बनणारी कॉर्टिसॉल किंवा थायरॉइडची हार्मोन कमी पडत असतील तर त्याच्या प्रतिक्रिया संथ असतात आणि आलेख खऱ्या दृष्टीपेक्षा काळा येतो. एका रुग्णाचा सहा आठवड्यांचा अहवाल आधीपेक्षा वाईट आला म्हणून सारे घर हादरले होते. मी आलेख पाहिला तर नजर ठिपक्यावरून हलल्याच्या नोंदी भरमसाट होत्या. हार्मोनची मात्रा नीट करून महिन्याने सकाळच्या वेळी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा खरी सुधारणा समोर आली. अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात विश्वासार्हतेचे आकडे छापलेले असतात. काळ्या-पांढऱ्या नकाशाआधी ते पाहावेत.

घरी पाहता येण्यासारखी एक साधी चाचणी आहे. वडिलांनी उजवा डोळा तळव्याने झाकावा आणि डाव्या डोळ्याने समोर बसलेल्या तुमच्या नाकाकडे पाहावे. पेनचे लाल टोपण आधी मध्यरेषेच्या एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला, सारख्याच अंतरावर धरा आणि कोणत्या बाजूचा लाल रंग अधिक गडद वाटतो ते विचारा. फुलीवर दाब असताना कानाकडच्या बाजूचा लाल रंग विटकरी, मातकट किंवा करडा दिसतो. आठवड्यातून एकदा, त्याच खोलीत, त्याच उजेडात हे करून वहीत नोंद ठेवा. रोज करू नका. रोजच्या तपासणीने माहिती वाढत नाही, घोर वाढतो.

आता शिल्लक राहिलेल्या भागाविषयी. ‘सगळी गाठ निघाली नाही’ हे वाक्य घरच्यांना फार लागते, पण दृष्टीच्या दृष्टीने प्रश्न इतकाच असतो की तो भाग नेमका कोठे आहे. पिट्युटरीच्या दोन्ही बाजूंना शिरांचे एक जाळे असते आणि मेंदूला रक्त पुरवणारी मुख्य धमनी त्यातून जाते. गाठ तेथे शिरलेली असेल तर तो भाग जाणूनबुजून ठेवणे शहाणपणाचे ठरते. फुलीपासून तो दूर असल्यामुळे दृष्टी परतण्यात त्याचा अडथळा होत नाही. एमआरआय पाहताना फुली आणि उरलेला भाग यांमध्ये मोकळी जागा आहे का, हे शल्यचिकित्सकांना थेट विचारा. शस्त्रक्रियेनंतर लगेच काढलेल्या एमआरआयमध्ये रक्त, चरबीचा लावलेला तुकडा आणि इतर भरण यांमुळे चित्र गढूळ असते. पक्के मत देण्यासाठी साधारण तीन महिन्यांनंतरचा एमआरआय पाहावा.

या निमित्ताने थोडा इतिहास. नाकाच्या मार्गाने पिट्युटरीची पहिली शस्त्रक्रिया १९०७ मध्ये ऑस्ट्रियात हेर्मान श्लोफर यांनी केली. अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी हा मार्ग मोठ्या प्रमाणावर वापरला आणि पुढे तो सोडून ते कवटी उघडण्याकडे वळले. नाकाच्या अरुंद वाटेने, त्या काळच्या अपुऱ्या उजेडात, वरची फुली दिसत नसे. कवटी उघडून ती प्रत्यक्ष पाहत मोकळी करता येई. १९६० च्या दशकात माँट्रियलमध्ये झ्यूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक आणला, १९९० च्या दशकात दुर्बीण आली, आणि कुशिंग यांना जे वरून पाहावे लागले ते आज चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीतून खालून दिसते. मात्र दुर्बिणीने दृश्य सुधारले आहे, तंतूंची सहनशक्ती नव्हे. सूक्ष्मदर्शकाच्या जागी दुर्बीण वापरली म्हणून मेलेला तंतू परतला असे माझ्या पाहण्यात नाही, आणि ‘अत्याधुनिक तंत्र’ या शब्दांवर दृष्टीची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे.

औषधांच्या प्रश्नाचे उत्तर निराश करणारे आहे. दृष्टितंतू लवकर बरे करणारे सिद्ध झालेले कोणतेही औषध, थेंब किंवा जीवनसत्त्व नाही. रक्तात बी-१२ खरोखर कमी असेल तर ते द्यावे, कारण त्याच्या कमतरतेने दृष्टितंतूंना वेगळी इजा होते. डोळ्यांचे व्यायाम तंतूंवर परिणाम करत नाहीत. मात्र नजर फिरवून कडेचे भाग मुद्दाम तपासण्याची सवय चालताना आणि वाचताना उपयोगी पडते. तंबाखू बंद असावा. नवा चष्मा तीन महिन्यांपर्यंत करू नये, कारण दृष्टी बदलत असताना केलेला नंबर फुकट जातो. वाहन चालवणे फील्डचा अहवाल पाहून डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद ठेवावे, वडिलांना आत्मविश्वास कितीही वाटत असला तरी.

एका अपवादाचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण हे इतर वाचकांच्याही उपयोगाचे आहे. पिट्युटरीच्या गाठींपैकी प्रोलॅक्टिन हे हार्मोन बनवणाऱ्या गाठी गोळ्यांनीच, बहुधा कॅबरगोलिनने, आक्रसतात आणि अनेकदा काही दिवसांत दृष्टी सुधारू लागते. अशा रुग्णाला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागतच नाही. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी प्रोलॅक्टिन तपासलेले असायलाच हवे. फार मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन इतके जास्त असू शकते की प्रयोगशाळेचे यंत्र फसते आणि आकडा खोटा कमी येतो. तेव्हा नमुना पातळ करून पुन्हा मोजावा लागतो.

वाट पाहणे कोठे थांबवायचे तेही स्पष्ट सांगतो. सुधारलेली दृष्टी पुन्हा खालावू लागली, मग ती शस्त्रक्रियेनंतर किती का काळाने असेना, तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. पहिल्या दोन दिवसांत असे झाल्यास पोकळीत रक्त साचल्याची शंका घेऊन तातडीने स्कॅन करतात आणि गरज पडल्यास काही तासांत पुन्हा शस्त्रक्रिया करतात. महिन्यांनी किंवा वर्षांनी झाल्यास गाठ पुन्हा वाढली आहे का, फुली रिकाम्या पोकळीत खाली ओढली गेली आहे का, आणि किरणोपचार झाले असतील तर त्यांची इजा आहे का, हे पाहावे लागते. नाकातून, विशेषतः पुढे वाकल्यावर, पाण्यासारखा स्वच्छ खारट स्राव टपकत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान आखडणे त्याच्या जोडीला आले तर थेट रुग्णालय गाठावे. उलट्या, गुंगी आणि कमालीचा अशक्तपणा यांमागे कमी झालेले सोडियम किंवा कॉर्टिसॉल असू शकते, आणि कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन हे औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

तीन महिन्यांच्या भेटीला जाताना शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे फील्डचे सर्व अहवाल, ओसीटी आणि एमआरआय एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून न्या. फील्ड टेस्ट आधी ज्या यंत्रावर आणि ज्या प्रोग्रॅमने झाली होती त्यावरच पुन्हा करण्याचा आग्रह धरा. यंत्र किंवा प्रोग्रॅम बदलला की तुलना कोसळते. तेथे डाव्या डोळ्याच्या ओसीटीतला थर पुरेसा जाड निघाला आणि फील्ड तरीही जागची हललेली नसेल, तर ‘अजून थांबा’ एवढ्यावर समाधान मानू नका. अशा वेळी फुलीवर दाब शिल्लक आहे का हे त्या एमआरआयमध्ये माझ्यासारख्याने पुन्हा बारकाईने शोधायला हवे. थर पातळ असेल आणि फील्ड थोडी जरी सुधारली असेल, तर पुढची तपासणी सहा महिन्यांच्या टप्प्यावर आणि त्यानंतर वर्षातून एकदा करावी.